कोरडी ताटली

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोरांबा केला. दरवर्षी आई करते. यंदा तिच्या मनगटाला पट्टा होता, म्हणून ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली आणि ढवळायचं काम माझ्याकडे आलं. "आच बारीक कर. लवंगा टाकल्यास का? वेलची आत्ता नको, खाली उतरवल्यावर." शेवटी वेलची-केशर घातलं, पाकाने माखलेला डाव एका ताटलीत ठेवला, ताटली खिडकीच्या कट्ट्यावर सरकवली आणि विसरून गेले. थोड्या वेळाने बघते तर ताटलीच्या काठावर एक मधमाशी. बारीक, घरमाशीहून सडपातळ, पोटाचा पुढचा भाग तांबूस आणि मागे काळेपांढरे पट्टे. फुलोरी. खालच्या बोगनवेलीत तिचं तळहाताएवढं पोळं आहे, ते मला ठाऊक होतं. सोंड पाकात खुपसून ती इतकी गढली होती की मी चष्मा चढवून अगदी तिच्यावर वाकले तरी हलली नाही. पोट तेवढं लयीत आतबाहेर होत होतं. पोटभर झाल्यावर तिने पुढच्या पायांनी मिशा पुसल्या आणि उठली, पण लगेच गेली नाही. तोंड ताटलीकडेच ठेवून हवेत डावीउजवीकडे झोके घेत मागे मागे सरकत राहिली. नवीन गावात पत्ता शोधून काढलेला माणूस परतताना खुणेचं दुकान, खुणेचं झाड नीट बघून ठेवतो ना, तसं. मग गेली.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला परत आली. ताटली घासून मांडणीवर गेली होती, कट्टा साबणाच्या फडक्याने पुसून झाला होता. तरी काल जिथे ताटली होती, बरोबर त्याच वीतभर जागेवर ती हवेत लटकून राहिली. आई म्हणाली, "अगं, दे तिला काहीतरी. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये." मी बरणीतला चमचाभर पाक ताटलीत काढला. ती पिण्यात दंग असताना दात कोरायच्या काडीने तिच्या पाठीवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला. पिणारी माशी ठिपका देताना हलत नाही, हे मधमाश्यांचा अभ्यास करणाऱ्या कार्ल फॉन फ्रिशच्या प्रयोगांबद्दल कधीतरी वाचलं होतं, ते खरं निघालं. मधमाश्यांना लाल रंग दिसत नाही, हेही त्याचंच. म्हणजे तो ठिपका फक्त आम्हा दोघींसाठी होता.

तिसऱ्या दिवशी लाल ठिपका पावणेअकराला हजर. यात मला फारसं नवल वाटलं नाही. ऑगस्ट फोरेल नावाचे एक स्विस मनोविकारतज्ज्ञ होते, मुंग्यांचे मोठे अभ्यासक. त्यांच्या घरी सकाळचा नाश्ता अंगणात व्हायचा, मुरंब्यावर मधमाश्या यायच्या. ज्या दिवशी नाश्ता आत झाला त्या दिवशीही माश्या नाश्त्याच्या वेळेला रिकाम्या टेबलापाशी घिरट्या घालत होत्या. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट.

चौथ्या दिवशी मी जे केलं ते सांगायला हा पसारा मांडला आहे. ताटली स्वच्छ धुतली, कोरडी केली. वेलचीचे दाणे आणि केशराच्या दोन काड्या खलात चुरडल्या आणि ती पूड बोटाने ताटलीला चोळली. पाक नाही. थेंबही नाही. बघू तरी काय करते, एवढाच विचार. ती आली, बसली, दोन्ही मिशा थरथरल्या आणि सोंड बाहेर आली. तपकिरी, चकचकीत, जाड केसाएवढी. कोरड्या स्टीलवर टेकली. आत गेली. दोन पावलं चालली, पुन्हा बाहेर आली. मी मोजलं, सात वेळा. मग ती उडाली, आणि या खेपेला वळून झोके घेतले नाहीत.

चोरी करताना पकडलं गेल्यासारखं वाटलं मला.

सोंड बाहेर येणं ही साधी गोष्ट नाही. माशीच्या डोक्यात काय चाललंय हे आपल्याला कळायचा तो जवळजवळ एकमेव उघडा दरवाजा आहे. १९६१ साली किमिहिसा ताकेदा या जपानी संशोधकाने तो वापरला, आणि पुढे बर्लिनमध्ये रान्डोल्फ मेन्त्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर कित्येक वर्षं घालवली. माश्यांना बर्फावर ठेवून गारठवतात, आणि त्या बधिर असतानाच एकेकीला बारीक धातूच्या नळीत बसवून डोकं तेवढं बाहेर ठेवतात. शुद्धीवर आल्या की रांगेत अशा दिसतात, जणू न्हाव्याच्या दुकानात गळ्यापर्यंत चादर गुंडाळून बसलेली गिऱ्हाइकं. मिशीला साखरपाण्याचा थेंब लावला की सोंड बाहेर येते, ते जन्मजात. आता आधी लवंगेच्या तेलाचा वास सोडायचा, काही सेकंदांनी साखरपाणी द्यायचं. असं एकदा केलं तरी बऱ्याच माश्या पुढच्या वेळी नुसत्या लवंगेच्या वासाला सोंड काढतात. मध्ये विश्रांती देऊन तीनदा केलं तर ती आठवण कित्येक दिवस टिकते. कामकरी माशीचं मोठेपणीचं आयुष्य ऐन हंगामात पाच-सहा आठवड्यांचं. त्या हिशेबात कित्येक दिवस म्हणजे आपली कित्येक वर्षं.

यातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रयोग मार्टिन हॅमर यांचा, १९९३चा. मधमाशीचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा, त्यात साधारण १० लाख चेतापेशी. त्यातली एक पेशी, एकच, साखर जिभेला लागली की उठते आणि तिच्या फांद्या वास ओळखणाऱ्या सगळ्या भागांत पसरलेल्या आहेत. हॅमरनी वास दिला, साखर दिलीच नाही, त्याऐवजी ती एक पेशी विजेने जागी केली. नंतर तो वास आला की माशीने सोंड काढली. साखर त्या धड्यात कुठेच नव्हती. एका पेशीने 'गोड' म्हटलं आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवला. शिकून झाल्यावर ती पेशी नुसत्या वासालाही उठायला लागते. म्हणजे माझ्या कोरड्या ताटलीवर जेव्हा ती सोंड सात वेळा टेकत होती, तेव्हा आत कुणीतरी सात वेळा 'आहे, आहे' म्हणत असणार.

माझ्या आत एक वास उलटं म्हणतो. फणस.

आमचं आजोळ चिपळूणजवळचं. मी नऊ वर्षांची होते, मे महिना संपत आला होता, दुसऱ्या दिवशी पुण्याला निघायचं म्हणून आजोबांनी झाडावरचा शेवटचा बरका फणस उतरवला होता. बरका म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. गुळगुळीत, ओघळणारा, गिळला की घशातून आपला आपण उतरणारा. मी किती गरे खाल्ले याबद्दल घरात आजही एकमत नाही. आई चाळीस म्हणते, मावशी साठ. सकाळी लाल डब्यात खिडकीची जागा मिळाली. कुंभार्ली घाटाची वळणं सुरू झाली, डिझेलचा वास, तापलेल्या रेक्झिनचा वास, आणि वरच्या फळीवर पुण्यातल्या शेजाऱ्यांसाठी घेतलेला आणखी एक फणस, उकाड्याने पिकत चाललेला. हेळवाक येईपर्यंत माझं जे काही झालं ते सगळ्या गाडीने पाहिलं. कंडक्टरने बादलीभर पाणी आणून पायरी धुतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "फणस ना? वाटलंच." त्या दिवसापासून फणस घरात आला की मी घराबाहेर. लग्नानंतर सासरी फणसाची सांदणं केली होती माझ्या स्वागताला. पहिल्याच उन्हाळ्यात नवी सून गॅलरीत उभी राहून पदर नाकाला लावते, हे दृश्य सासूबाईंनी फार मोठ्या मनाने गिळलं.

एकदाच झालं होतं. एकदाच. आधी निदान सहा-सात उन्हाळे मी फणस आनंदाने खाल्ला होता, ते सगळे एका घाटाने पुसून टाकले. मधमाशीचंही असंच होतं म्हणे. जेराल्डिन राइट आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं की माशी वाईट अन्न दोन वेगवेगळ्या वाटांनी शिकते. कडू लागलं तर तिथल्या तिथे. आणि गोड लागलं, पण नंतर पोटात मळमळलं, तर त्यासाठी वेगळी यंत्रणा, वेगळं रसायन. जिभेने हो म्हटलेल्याला पोट नंतर नाही म्हणतं, आणि ते 'नाही' वासाच्या खात्यावर नोंदवलं जातं. माझ्या बाबतीत दोष डिझेलचा होता, वळणांचा होता, माझ्या हावरटपणाचा होता. नोंद मात्र फणसाच्या नावावर झाली.

सगळेच वास असे नोंदवून शिकावे लागत नाहीत. मधमाशी नांगी मारते तेव्हा धोक्याचा जो वास सुटतो तो जवळपास पिकल्या केळ्यासारखा असतो, आणि त्याचा अर्थ कुठल्याही माशीला शिकवावा लागत नाही. केळ्यावरच्या चिलटाच्या शृंगिकेत, म्हणजे मिशीत, तर काही पेशी निव्वळ एका रसायनासाठी राखून ठेवलेल्या आहेत. जिओस्मिन. ते नाकात आलं की चिलट मागे फिरतं, कारण तिथे त्याला अपायकारक बुरशी किंवा जिवाणू असण्याची शक्यता. आपण त्याच जिओस्मिनला मृद्गंध म्हणतो. वळवाच्या पहिल्या सरीनंतर आपण खिडकीत उभं राहून छाती भरून घेतो, आणि फळांच्या टोपलीतलं चिलट त्याच वासाने गांगरलेलं असतं. आपल्याला तो वास मुळातच आवडतो, की दर वर्षी उकाडा संपल्याच्या सुटकेबरोबर आला म्हणून आवडायला लागला, हे मी स्वतःपुरतंही ठरवू शकलेले नाही.

चिलटांशी माझं जुनं नातं आहे. एम.एस्सी. प्राणिशास्त्र केलं आणि नोकरी बँकेत, अशा पिढीतली मी. पण दोन वर्षं कॉलेजात चिलटांच्या बाटल्या सांभाळल्या. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर शिजवून त्यांचा लगदा करायचो. प्रयोगशाळेत लापशीसारखा वास भरून राहायचा आणि डबा खायची इच्छा मरायची. बाटल्यांना कापसाचे बोळे, ईथरने बेशुद्ध केलेली चिलटं पांढऱ्या टाइलवर पसरायची, बारीक कुंचल्याने नर-मादी वेगळ्या करायच्या. आमच्या बाईंना एकच अभिमान होता. त्या म्हणायच्या, "ही माशी फक्त अमेरिकेत शिकली नाही बरं का. कुलाब्यातही शिकली."

बाई बरोबर होत्या. कॅलिफोर्नियात सिमूर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत १९७४ साली क्विन, हॅरिस आणि बेन्झर यांनी दाखवलं की चिलटांना एका वासाबरोबर विजेचा झटका दिला की ती पुढे तो वास टाळतात. त्याच दशकात मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला नेव्हीनगरमधल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी चिलटांच्या चवीच्या आणि वासाच्या मागे लागले होते. त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज, आईवडील गोव्याकडचे, जन्म नैरोबीचा, शिक्षण डब्लिनचं. सिद्दिकींचं काम वाचून तिने त्यांना पत्र लिहिलं आणि थेट मुंबई गाठली. दोघांनी मिळून वासाची जाण बिघडलेली चिलटं शोधून काढली, १९७८ साली ते छापून आलं. डोळ्यांचा रंग बदललेलं चिलट शोधणं सोपं. वास न येणारं चिलट ओळखायचं कसं? ते कुठे जात नाही यावरून. हजारो चिलटांपुढे नळीच्या दोन वाटा ठेवायच्या, आणि सगळी गर्दी एका बाजूला गेल्यावर उरलेल्या गोंधळलेल्यांना वेचायचं. रॉड्रिग्ज २०१० साली गेल्या, सिद्दिकी २०१३ साली. कुलाब्याच्या त्या खाऱ्या वाऱ्यात कुणी चिलटांच्या नाकाचा विचार करत बसलं होतं, ही कल्पना मला अजून सुखावते.

बेन्झर यांच्याकडे विसरभोळी चिलटंही सापडली. पहिल्याचं नाव ठेवलं 'डन्स'. म्हणजे आपल्या शाळेतला 'ढ'. त्यानंतरच्यांना रुटबागा, टर्निप अशी कंदमुळांची नावं पडली. ही चिलटं मराठी मास्तरांच्या हाती लागली असती तर ढ, मठ्ठ, दगड आणि भोपळा अशी यादी तयारच होती. मजा पुढे आहे. 'ढ' चिलटात निरोप पोचवणारं एक रसायन वेळेवर मोडलं जात नाही, म्हणून साचून राहतं. 'रुटबागा'त तेच रसायन पुरेसं तयार होत नाही. एकाकडे जास्त, एकाकडे कमी, आणि दोघंही धडा विसरतात. वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या दोन मुलांची कारणं किती वेगळी असू शकतात, हे मास्तरांना कधी कळलं नाही.

आठवण बसते कुठे? कीटकाच्या मेंदूत अळंबीसारख्या दिसणाऱ्या दोन गाठी असतात, उजवीकडे एक, डावीकडे एक. फेलिक्स दुजार्दां या फ्रेंच माणसाने त्या १८५० साली पाहिल्या आणि त्यांचा बुद्धीशी संबंध असावा असं तेव्हाच म्हटलं. चिलटात अशा एका गाठीत साधारण २००० पेशी. एखादा वास आला की त्यातल्या पाचेक टक्के, म्हणजे शंभरभर पेशी उजळतात. वेलची म्हणजे ही शंभर, फणस म्हणजे ती शंभर. इथवर ठीक. पण प्रत्येक पेशी नाकाकडून येणाऱ्या सातेक तारा पकडते आणि कुठल्या सात, याला काही नेम नाही. लॉटरी. २०१३ साली रिचर्ड ॲक्सेल यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवलं. म्हणजे एकाच बाटलीत वाढलेल्या दोन चिलटांच्या डोक्यात एकाच केळ्याचा वास वेगवेगळ्या पेशींनी लिहिलेला असतो. त्या शंभर दिव्यांना स्वतःचा काही अर्थ नसतो. जे आयुष्यात त्यांच्याबरोबर घडेल, तो त्यांचा अर्थ.

हे वाचलं तेव्हा मला आई आणि मी आठवलो. आजोळ एकच, झाड एकच, फणसही तोच. आईच्या डोक्यात तो वास आला की आजोबा, अंगण, खोबरेल तेल लावलेले हात, गऱ्यांभोवतीचं चारखंड खायला टपलेली गाय. माझ्या डोक्यात कुंभार्ली घाट.

आणखी एक गोष्ट माझ्या समजुतीच्या अगदी उलट निघाली. मला वाटायचं शिकणं म्हणजे भर पडणं, वहीत ओळ वाढणं. चिलटात झटका बसतो तेव्हा त्या शंभर पेशींचा 'जवळ जा' म्हणणाऱ्या पेशींशी असलेला जोड कमकुवत होतो. डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी येऊन तेवढ्या तारा सैल करून जातात. जवळ बोलावणारा आवाज बसतो, आणि 'लांब हो' म्हणणारा, जो आधीपासून बोलतच होता, तो ऐकू यायला लागतो. त्या एसटीत माझ्यात काही भरलं गेलं नव्हतं तर. काहीतरी बसलं होतं.

मग बसलेला आवाज परत येतो का? लाल ठिपक्याच्या बाबतीत हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी समोर आला. कोरड्या ताटलीनंतर ती येणार नाही अशी मी मनाची तयारी केली होती. पावणेअकरा वाजले आणि ती आली. आई म्हणाली, "बघ, माणसापेक्षा बरी. एकदा फसवलंस तरी आली." मी घाईघाईने पाक आणला, नेहमीपेक्षा दुप्पट. ती प्यायली. माफ केलं वगैरे म्हणायचा मोह होतो, पण तसं काही नाही. नळीतल्या माश्यांना शिकवलेला वास साखरेविना पुन्हा पुन्हा दिला की त्या सोंड काढायचं थांबवतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायला लागतात. जुनी आठवण पुसलेली नसते. ऑक्सफर्डमधल्या स्कॉट वॉडेल यांच्या गटाने २०१८ साली चिलटांत याचा माग काढला. झटक्याचा वास पुन्हा दिला, या वेळी झटका नाही. चिलटाची भीती ओसरली. पण भीतीची आठवण होती तिथेच होती. तिच्या शेजारी दुसरी, उलट आठवण तयार झाली होती, आणि ती तयार करणाऱ्या डोपामिनच्या पेशी बक्षिसाच्या होत्या. झटका बसला नाही, एवढंच बक्षीस. त्या दोन आठवणी पुढे एका ठिकाणी आमनेसामने येतात आणि त्या घटकेला जिचा जोर जास्त, तिच्या बाजूने पाय वळतात.

आठवण ठेवणं फुकटही नसतं. चिलटाला ओळीने दहा झटके-धडे न थांबता दिले तर ते लवकर विसरतं. तेच दहा धडे मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं थांबून दिले तर आठवडाभर लक्षात राहतात, पण त्यासाठी नवी प्रथिनं बनवावी लागतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीबद्दल आमच्या वडिलांचं जे मत होतं, त्याला चिलटांचा असा पाठिंबा आहे. प्रथिनं बनवायला खर्च येतो. अशी पक्की आठवण तयार करायला लावलेली चिलटं अन्नपाण्याविना ठेवली तर इतरांपेक्षा आधी मरतात, हे २००५ साली दिसून आलं. आणि २०१३ साली पॅरिसमध्ये प्लासे आणि प्रेआ यांनी दाखवलं की उपाशी चिलटाचा मेंदू झटक्याची पक्की आठवण बनवणं बंदच करून टाकतो. पोटात काही नसताना वाईट अनुभव जपायची चैन त्याला परवडत नाही. मी हे मोठ्या कौतुकाने आईला वाचून दाखवलं. ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेच मी चाळीस वर्षं सांगत्ये. भूक नव्हती तुला कधी. भूक असती तर खाल्ला असतास फणस."

याला उत्तर नव्हतं. अजून नाही.

बोगनवेलीतल्या त्या पोळ्याकडे मी येता-जाता बघायला लागले. पोळ्यावर माश्यांचा पडदा असतो, एकीवर एक, आणि जरा सावली पडली की तो सबंध पडदा थरथरतो. बाहेरून आलेली माशी आतल्यांना तोंडातून तोंडात रस देते. रसाबरोबर वासही जातो. त्यामुळे कधी बाहेर न पडलेल्या माश्यांनाही हंगामात कुठला वास कामाचा आहे ते घरबसल्या कळतं. म्हणजे आमच्या मोरांब्याची वेलची त्या पडद्यात किती जणींनी चाखली असेल कोण जाणे. मला उगीच सह्याद्रीतल्या कारवीची आठवण झाली. सात-आठ वर्षांनी एकदा डोंगरउतार जांभळे होतात, सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या भरून वाहतात, मधपाळ खूश. पण कारवी फुलते त्या दिवशी पोळ्यातल्या एकाही कामकरी माशीने तो वास पूर्वी घेतलेला नसतो. आधीचा बहर पाहिलेलीच्या कितीतरी पिढ्या मागे गेलेल्या. कुणी सांगणारं नाही, पणजी-खापरपणजीकडून आलेलं काही नाही. पहिली जाते, सोंड लावते, गोड लागतं, आणि संध्याकाळपर्यंत पोळ्यात कारवी म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं. सात-आठ वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून.

लाल ठिपका नऊ दिवस आला. दहाव्या दिवशी आला नाही, अकराव्याही नाही. बाहेरची कामं करणारी माशी मुळात म्हातारीच असते. शेवटचे काही आठवडेच तिला उडायला मिळतात. ताटली मी आणखी चार दिवस ठेवली. पाकावर मुंग्या आल्या, मग उचलली.

मेच्या मधल्या आठवड्यात गावाहून मामाने फणस पाठवला. बरकाच. आईचा मनगटाचा पट्टा निघाला होता. तिने हॉलमध्ये जुने पेपर पसरले, विळीला आणि कोपरापर्यंत हातांना खोबरेल लावलं आणि बसली. मी सवयीने चपला शोधायला लागले. त्या सापडेपर्यंत फणस उघडला गेला होता. पोट ढवळलं. घाट, रेक्झिन, कंडक्टरची बादली, सगळं जसंच्या तसं. त्याच्या पाठोपाठ तोंडाला पाणी सुटलं. इतक्या वर्षांत हे कधी झालं असेल तर ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कारण मी तोवर जिन्यात पोचलेली असायचे. मी दाराच्या चौकटीला टेकून उंबऱ्यावर बसले, चपला हातात. आई काही बोलली नाही. तेलकट बोटांनी गरे सोडवत राहिली, आठळ्या एका वाटीत, गरे पातेल्यात, चारखंड पेपरवर.

"ती तुझी लाल टिकलीवाली आली नाही ना गं परत?"

"नाही."

"मग ही कोण?"

चारखंडाच्या पिवळ्या धाग्यांवर एक फुलोरी बसली होती. पाठ कोरी. सोंड बाहेर काढून धाग्याच्या बुडाशी काहीतरी चाचपत होती, आणि पोट लयीत आतबाहेर होत होतं. आईने चारखंडाचा तो तुकडा तेवढा जरा बाजूला सरकवला, म्हणजे विळीचा धक्का लागायला नको. मी आठळ्या धुवायला उठले.